मोठा कच्चा खडा हातात आला, आता काय?

रत्नाचा मोठा कच्चा, म्हणजे अजून न कापलेला खडा हातात घेतला की पहिल्यांदा वजन जाणवतं, आणि गडबड तिथूनच सुरू होते. एका ग्रॅमचे पाच कॅरट, म्हणजे शंभर ग्रॅमचे पाचशे, असा हिशेब मन आपोआप मांडायला लागतं. तो हिशेब तिथेच थांबवा. तयार रत्न त्या खड्याच्या आत कुठेतरी दडलेलं असतं आणि बहुतेक वेळा आपल्या अंदाजापेक्षा बरंच लहान निघतं.

१९०५ साली दक्षिण आफ्रिकेत सापडलेला कलिनन हिरा ३,१०६ कॅरटचा होता. १९०८ मध्ये अॅमस्टरडॅमला तो घडवला गेला. त्यातून नऊ मोठे आणि ९६ लहान हिरे निघाले, पण सगळ्यांचं मिळून वजन मूळ खड्याच्या जेमतेम एक तृतीयांश भरलं. त्या काळातले सर्वांत अनुभवी हात, जगातला सर्वांत मोठा हिरा, आणि तरीही दोन तृतीयांश वजन गेलं. आपण शिकाऊ आहोत, तेव्हा आपला उतारा (खड्याच्या वजनातला जो वाटा तयार रत्नात उरतो तो) याहून चांगला येईल अशी आशा धरायची नाही.

खाली जो क्रम दिला आहे त्यातल्या जवळजवळ प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारायचा आहे: या खड्यात सगळ्यांत वाईट काय आहे? चांगलं काय आहे ते डोळ्यांना आपोआप दिसतं. वाईट शोधावं लागतं.

धुवा, आणि पूर्ण कोरडा होऊ द्या

कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश. बस. अल्ट्रासॉनिक यंत्र, वाफ, उकळतं पाणी, आम्ल यांतलं काहीही अजून नको, कारण आत काय आहे हे आपल्याला माहीत नाही. पाचूसारखा वाटणारा हिरवा खडा असेल तर साबणही टाळा, ओल्या फडक्याने पुसा.

मग खडा कोरडा होऊ द्या आणि कोरडाच तपासा. ओला खडा फसवतो. खडबडीत पृष्ठभागावरच्या बारीक खळग्यांत पाणी भरलं की खडा पारदर्शक दिसतो, रंग गडद होतो आणि बारीक भेगा गायब होतात. तेलाने तर हे आणखी छान साधतं. खडा दाखवणारा माणूस तो सारखा पाण्यात बुडवून दाखवत असेल तर त्याला नाव ठेवायचं कारण नाही, आतला भाग दाखवायला ते लागतंच. पण त्यानंतर तो पुसून, वाळवून पुन्हा एकदा बघितल्याशिवाय काही ठरवू नका. तेलाचा संशय असेल तर खडा रात्रभर टिश्यू पेपरवर ठेवा आणि सकाळी कागदावर डाग पडला का ते पाहा.

खडा नक्की कशाचा आहे?

रंगावरून ओळख पटवू नका. मराठीत तर नावांनीच घोळ घातला आहे: 'पुष्कराज' म्हणून पिवळा नीलम दाखवला जातो, टोपाझ दाखवला जातो, आणि पिवळा क्वार्ट्झसुद्धा. तिघांचं पैलूकाम वेगळं, उपचार वेगळे, दगाफटका वेगळा.

सुदैवाने मोठ्या खड्याचा एक फायदा असतो. त्याची घनता घरच्या काट्यावरही चांगली मोजता येते. आधी खडा कोरडा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा. खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल ते खड्याने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. समजा खडा ८० ग्रॅमचा आहे आणि काटा २९.६ दाखवतो, तर घनता २.७०, म्हणजे बेरिल असण्याची शक्यता (अॅक्वामरीन आणि पाचू दोन्ही बेरिलच). क्वार्ट्झ २.६५, तुरमलीन ३.०६ च्या आसपास, टोपाझ ३.५ च्या थोडं वर, कुरुंद म्हणजे माणिक-नीलम ४.०. पुष्कराजाचं भांडण या एका तोलाने बऱ्यापैकी मिटतं. क्वार्ट्झ आणि बेरिल मात्र एकमेकांच्या फार जवळ आहेत, तिथे काटा बारीक हवा आणि खड्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकून टाकायला हवेत.

स्फटिकाचा मूळ आकार शिल्लक असेल तर तोही बोलतो. क्वार्ट्झच्या बाजूंवर आडव्या रेघा असतात. तुरमलीनवर उभ्या, आणि त्याचा आडवा छेद फुगीर बाजूंच्या त्रिकोणासारखा. बेरिल षटकोनी. कुरुंद बऱ्याचदा दोन्ही टोकांना निमुळता, पिंपासारखा. टोपाझचा एक शेवट अनेकदा आरशासारखा सपाट तुटलेला असतो. त्या सपाट तुटीकडे आपल्याला पुढे परत यायचं आहे.

काच आणि कृत्रिम खडे यांची धास्ती नवशिक्याने जरूर बाळगावी. भिंगाखाली गोल बुडबुडे दिसले तर बहुधा काच. कृत्रिम माणिक-नीलम ज्वालेत वितळवून बनवण्याची पद्धत ऑग्युस्त व्हर्नेय यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केली. त्या पद्धतीच्या खड्यांत वक्र रेषा दिसतात, तर नैसर्गिक कुरुंदात रंगाचे पट्टे सरळ किंवा षटकोनी कोनात वळणारे असतात. असे कृत्रिम तुकडे फोडून, घासून, नदीतल्या गोट्यांसारखे गोल करून विकले जातात. फार मोठा, फार स्वच्छ आणि फार गडद अशा तिन्ही गोष्टी एकाच खड्यात आल्या की मी आधी संशय घेतो, कौतुक नंतर.

आणखी एक प्रश्न याच टप्प्यावर विचारून टाका: हा खडा कापायचा तरी आहे का? टोकं शाबूत, बाजू चकचकीत, आकार पूर्ण असा स्फटिक संग्राहकाला जसाच्या तसा हवा असतो, आणि त्यातून निघणाऱ्या मध्यम रत्नापेक्षा त्याचं मोल बऱ्याचदा जास्त असतं. कापलेला स्फटिक परत जोडता येत नाही.

आत बघणं

इथे घाई केली की पुढचं सगळं बिघडतं, म्हणून या पायरीला मी सर्वांत जास्त वेळ देतो.

अंधारी खोली, छोटी पण प्रखर टॉर्च, दहा पट भिंग. काळ्या जाड कागदाला खड्यापेक्षा लहान भोक पाडा आणि उजेड त्या भोकातूनच खड्यात जाऊ द्या. आजूबाजूचा झगझगाट गेला की आतलं दिसायला लागतं. टॉर्च मागून, मग बाजूने, मग तिरकी धरा. भेग ही पातळ सपाट जागा असते. एका कोनात ती आरशासारखी चमकते आणि खडा जरा वळवला की नाहीशी होते. म्हणून खडा हातात सतत फिरता हवा.

खड्याची कातडी खडबडीत असेल तर उजेड तिथेच विखुरतो आणि आत काहीच कळत नाही. त्यासाठी खडा द्रवात बुडवायचा. द्रवाचा अपवर्तनांक (आत शिरताना उजेड किती वळतो त्याचं माप) खड्याच्या जितका जवळ, तितकी कातडी अदृश्य होते. पाण्याचा १.३३, त्यामुळे थोडीच मदत होते. लिक्विड पॅराफिनचा १.४७ च्या आसपास, तो क्वार्ट्झ (१.५४–१.५५) आणि बेरिल (१.५७–१.५८) यांना बऱ्यापैकी चालतो. पांढरट, अर्धपारदर्शक प्लास्टिकचं भांडं, खालून उजेड, वरून नजर. रंगाचे पट्टे या पद्धतीत जितके स्वच्छ दिसतात तितके दुसऱ्या कशानेच दिसत नाहीत. पाचू आणि ओपल मात्र असे तेलात घालू नका. एक भेगांमधून तेल पितो, दुसरा सच्छिद्र असतो.

इतकं करूनही दिसत नसेल तर खड्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू थोड्या घासून पॉलिश करायच्या, म्हणजे दोन खिडक्या तयार होतात. यात थोडं वजन जातं. जाऊ द्या. बंद खोलीत अंदाजाने करवत चालवण्यापेक्षा ते परवडतं.

आता कागद घ्या आणि खड्याची तीन बाजूंनी चित्रं काढा. चित्रकला यायची गरज नाही. भेगा लाल, डाग काळे, रंग जिथे दाट आहे तिथे निळं. हा नकाशा काढताना आपण जे 'पाहिलं' असं समजत होतो त्यातलं निम्मं पाहिलंच नव्हतं हे कळतं. ब्राझीलच्या मिनास जेराइसमधल्या प्रचंड अॅक्वामरीनमधून बर्न्ड मुन्स्टायनर यांनी १९९३ मध्ये दोम पेद्रो हे १०,३६३ कॅरटचं रत्न घडवलं. करवत लावण्याआधी चार महिने ते त्या स्फटिकाचा अभ्यास करत होते, आणि नंतरचं काम सहा महिन्यांचं. मूळ स्फटिक खाणीतून काढल्यावर हातातून पडून त्याचे तीन तुकडे झाले होते, दोम पेद्रो त्यातल्या सर्वांत मोठ्या तुकड्यातून आला. आपल्या खड्याला चार महिने द्यायला नकोत, पण दोन-तीन संध्याकाळी वेगवेगळ्या उजेडात द्यायला हव्यात.

भेग, डाग आणि त्यांच्यातला फरक

डाग म्हणजे आत अडकलेलं दुसरं खनिज, द्रवाचा थेंब, सुयांचा पुंजका. भेग म्हणजे फुटलेली जागा. डागाबरोबर संसार करता येतो. पृष्ठभागापर्यंत पोचलेल्या भेगेबरोबर येत नाही, कारण करवतीची थरथर, घासण्याची उष्णता आणि पॉलिश करतानाचा दाब या तिन्ही गोष्टी तिला वाढवतात. अशी भेग रत्नाच्या आत कशी लपवता येईल याचा विचारच करू नका. करवत भेगेतूनच न्या, म्हणजे एका मोठ्या संशयास्पद खड्याचे दोन विश्वासू खडे होतील.

बोटाच्या ठशासारखी दिसणारी, बारीक थेंबांची जाळी म्हणजे निसर्गानेच भरून काढलेली जुनी भेग. ती सहसा टिकते. त्याउलट एखाद्या लहान स्फटिकाभोवती गोल चकतीसारखी चमक दिसली तर तिथे ताण आहे असं धरा.

डाग कुठे आहे यालाही महत्त्व आहे. रत्नाच्या खालच्या टोकापाशी असलेला एक ठिपका सगळ्या पैलूंतून परावर्तित होऊन वरून बघताना दहा ठिपके होतो. तोच ठिपका कडेला, वरच्या पैलूंखाली गेला तर शोधावा लागतो. म्हणून स्वच्छ जागा मध्यभागी आणि तळाशी येईल असा खडा मनात फिरवायचा.

खडा सगळीकडूनच धुरकट असेल तर पैलूंचा हट्ट सोडा आणि घुमटाकार कॅबोशॉन करा. आत समांतर सुया असतील तर तोच 'दोष' लसण्याची रेघ किंवा ताऱ्याची किरणं देतो, फक्त घुमटाचा तळ सुयांना समांतर हवा.

नदीतून आलेल्या गुळगुळीत गोट्यांबद्दल मला ममत्व आहे. त्यांची कातडी दुधाळ असते, आत बघायला त्रास होतो, पण पाण्याने आपटून आपटून त्यांचे कमकुवत भाग आधीच काढून टाकलेले असतात. स्मिथसोनियन संग्रहालयातलं 'अमेरिकन गोल्डन टोपाझ' हे रत्न मिनास जेराइसमधल्या अशाच ११.८ किलोच्या गोट्यातून आलं: १७२ पैलू आणि २२,८९२.५ कॅरट, म्हणजे सुमारे ३९ टक्के उतारा. इतक्या मोठ्या खड्यासाठी हा उतारा फार चांगला आहे.

क्लीव्हेज: मी स्वतः खाल्लेला फटका

काही खनिजं ठरावीक दिशेने सपाट फाटतात. विश्वकोशात याला पाटन म्हणतात, कारागिरांच्या तोंडी क्लीव्हेज. टोपाझला अशी एक दिशा असते, स्फटिकाच्या लांबीला बरोबर काटकोनात. टांझानाइटला एक. कुंझाइटला दोन. फ्लोराइट आणि हिऱ्याला चार-चार. क्वार्ट्झ, बेरिल, तुरमलीन, गार्नेट यांची या बाबतीत चिंता नाही.

सुरुवातीला मला एक देखणा टोपाझ मिळाला होता. त्याचा तुटका शेवट आधीच सपाट आणि चकचकीत होता. मला वाटलं, वा, टेबल तयारच आहे! (टेबल म्हणजे रत्नाच्या डोक्यावरचा सर्वांत मोठा सपाट पैलू.) तोच पृष्ठभाग टेबल धरून मी खालचे पैलू पाडले, आणि शेवटी टेबल पॉलिश करायला घेतलं. पॉलिश होईना. बारीक पापुद्रे निघत राहिले, एक घालवला की शेजारी दुसरा. क्लीव्हेजच्या पातळीशी अगदी समांतर पृष्ठभाग पॉलिश होत नाही हे मी वाचलं होतं, पण तो मोहक सपाट शेवट म्हणजेच क्लीव्हेज, हे डोक्यात शिरलं नव्हतं. सगळं काम उलटं करून टेबल काही अंश तिरकं घ्यावं लागलं आणि रत्न पुष्कळ लहान झालं.

तर टोपाझमध्ये कोणताही पैलू क्लीव्हेजपासून निदान ५ ते १० अंश कललेला ठेवा. मोठ्या खड्यात ही दिशा शोधायला टॉर्चच्या उजेडात आतल्या सपाट, इंद्रधनुषी चमकणाऱ्या भेगा पाहा, त्या सगळ्या एकमेकींना समांतर असतील. कुंझाइटबाबत नवशिक्यांना माझा सल्ला एकच आहे: पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका.

रंग आणि मोठेपणा यांचं भांडण

रत्नात उजेड वरून शिरतो, तळाच्या पैलूंवर दोनदा आपटतो आणि पुन्हा वर येतो. म्हणजे तो रत्नाच्या खोलीच्या साधारण दुप्पट अंतर चालतो, आणि वाटेत जितका जास्त वेळ खड्यात राहतो तितका जास्त शोषला जातो. म्हणून एकाच खड्यातून लहान आणि मोठं अशी दोन रत्नं काढली तर मोठं जास्त गडद दिसतं.

यातून सरळ निर्णय निघतो. फिकट खडा मोठा ठेवा, गडद खडा तोडा. फिकट अॅक्वामरीनला मोठेपणाच रंग देतो. गडद लाल गार्नेट मात्र मोठा ठेवला तर काळा ठोकळा होतो. जुन्या काळी कारागीर अशा गार्नेटच्या घुमटाची खालची बाजू पोखरून पातळ करत, ते याच कारणासाठी. अंदाज घ्यायचा तर खडा पांढऱ्या कागदावर ठेवा आणि कागदावरून परत येणाऱ्या उजेडात रंग पाहा. टॉर्चने मागून उजेड मारून पाहिलेला रंग म्हणजे शुद्ध खुशामत. दिवसाच्या उजेडात एकदा आणि पिवळ्या दिव्याखाली एकदा बघा. लाल खडे पिवळ्या उजेडात खुलतात, निळे बऱ्याचदा मलूल होतात.

दुसरी गोष्ट दिशेची. पुष्कळ खनिजं वेगवेगळ्या दिशांनी वेगवेगळे रंग दाखवतात. टेबल कुठे घ्यायचं हे त्यावर ठरतं. नीलम आणि माणिकात उत्तम रंग स्फटिकाच्या लांबीच्या अक्षातून बघताना दिसतो, म्हणून टेबल त्या अक्षाला काटकोनात. अॅक्वामरीनमध्ये उलट: चांगला निळा आडवं बघताना, म्हणून टेबल लांबीला समांतर. हिरव्या-निळ्या तुरमलीनचा लांबीकडून दिसणारा रंग अनेकदा जवळपास काळा असतो. तिथे टेबल लांबीला समांतर घेऊन दोन टोकांचे खालचे पैलू खूप उभे, ७० अंशांच्या आसपास पाडतात, म्हणजे टोकाकडचा काळेपणा मध्ये मिसळत नाही.

तिसरी गोष्ट पट्ट्यांची. नीलम आणि जांभळा क्वार्ट्झ यांत रंग सारखा पसरलेला क्वचितच असतो. इथे एक गंमत उपयोगी पडते: रंगाचा छोटासा दाट भाग रत्नाच्या खालच्या टोकात आणला तर वरून अख्खं रत्न रंगीत दिसतं. तोच भाग एका कडेला राहिला तर रत्न अर्धं रंगलेलं दिसतं.

आता उताऱ्याचा हिशेब

क्वार्ट्झसाठी खालचे पैलू ४२–४३ अंशांवर लागतात, कारण त्याचा क्रांतिक कोन सुमारे ४०.५ अंश आहे. पैलू त्याहून सपाट झाले की उजेड परत न येता खालून निसटतो आणि मधोमध फिकी 'खिडकी' पडते. या कोनाने गोल रत्नाची खालची बाजू रुंदीच्या सुमारे ४७ टक्के खोल होते. वरची बाजू आणि कंबर (वरची आणि खालची बाजू जिथे मिळतात ती कड) धरून एकूण खोली रुंदीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे २० मिमी रुंदीच्या रत्नाला १३ मिमी खोली हवी, शिवाय घासाईसाठी सगळ्या बाजूंनी थोडी जास्त. चपट्या खड्याची लांबी-रुंदी कितीही असो, त्याची जाडी हीच त्याची मर्यादा.

आता २० × २० × १३ मिमीचा अगदी निर्दोष चौकोनी ठोकळा घ्या. क्वार्ट्झचा असेल तर तो सुमारे ६९ कॅरटचा भरतो. त्यातून निघणारं गोल रत्न जवळपास २५ कॅरटचं, म्हणजे ३६ टक्के. अंडाकृती घाट घेतला तर ठोकळ्याच्या ४० टक्के, पायऱ्यांच्या पैलूंचा चौकोनी घाट घेतला तर ५०. हे ठोकळ्यातून. खरा खडा ठोकळा नसतो, त्याला भेगा असतात, कोपरे असतात, कातडी असते. चांगल्या खड्यातून २० ते ३० टक्के निघाले तर समाधान माना, आणि खडा वाकडातिकडा असेल तर १० टक्क्यांनाही लाजू नका.

व्यवहारात मी असं करतो: नकाशावर स्वच्छ भाग रंगवायचा, त्यात मावणाऱ्या सर्वांत मोठ्या ठोकळ्याची तीन मापं काढायची, आणि फक्त त्या ठोकळ्यावर घाटाप्रमाणे ३६, ४० किंवा ५० टक्के लावायचे. खड्याचं एकूण वजन या हिशेबात कुठेही येत नाही. मूळ खड्याचा आकार जो घाट सुचवतो त्याच्या जवळ राहा. लांबट तुरमलीनमधून गोल रत्न काढणं म्हणजे निम्मा खडा भुकटी करणं.

खड्यावर आधीच काय झालंय?

कच्चा आहे म्हणजे नैसर्गिक रंगाचा आहे, हा सर्वांत महाग गैरसमज. बरेच उपचार कापण्याआधीच होतात.

कुरुंद तापवलेला असण्याची शक्यता नेहमी धरा. श्रीलंकेचा दुधाळ 'गेउडा' १५०० अंश सेल्सिअसच्या वर, ऑक्सिजन कमी असलेल्या भट्टीत तापवून निळा करतात. अशा भट्टीतून आलेल्या कच्च्या खड्याच्या कडा कधीकधी वितळल्यासारख्या, काचेचा लेप बसल्यासारख्या दिसतात. भिंगाखाली सुयांच्या जागी तुटक ठिपके आणि लहान स्फटिकांभोवती फुटलेल्या चकत्या दिसल्या तर उष्णतेचा पुरावा. कमी तापमानाला तापवलेलं मात्र डोळ्याने कळेलच असं नाही. टायटॅनियम मुरवून दिलेला निळा रंग कातडीपुरता असतो, पुन्हा पैलू पाडले की निघून जातो. बेरिलियम तर पार आतपर्यंत मुरतो आणि तो प्रयोगशाळेतल्या उपकरणांशिवाय ठरवता येत नाही.

शिशाच्या काचेने भरलेलं माणिक ही नवशिक्यासाठी खरी खाई. भेगाळ माणकात काच भरली की ते चकित करण्याइतकं पारदर्शक होतं. खडा हलवताना भेगांतून निळी-नारिंगी झळक येते का आणि आत चपटे बुडबुडे आहेत का ते पाहा. अशा खड्याला सोनाराची ज्योत किंवा आम्ल लागलं की भरलेली काच खराब होते.

पाचू बहुधा तेल किंवा रेझिन प्यायलेला असतो, कच्चा असतानाच. ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चखाली भेगांच्या रेषा पिवळट किंवा निळसर उजळल्या तर काय समजायचं ते समजा. गडद निळा टोपाझ जवळपास नेहमीच किरणोत्सर्ग आणि उष्णता देऊन केलेला असतो. स्फटिकांच्या गुच्छाच्या बुडाशी पांढरे आणि टोकाला जळकट नारिंगी असलेले 'सिट्रिन' (पिवळा क्वार्ट्झ) म्हणजे भाजलेला जांभळा क्वार्ट्झ. टांझानाइट १९६७ मध्ये टांझानियात सापडला, आणि बाजारातला निळा टांझानाइट बहुतांशी तापवलेलाच. रंगवलेल्या क्वार्ट्झमध्ये रंग भेगांत साचलेला दिसतो, अॅसिटोनचा कापूस फिरवून पाहावा.

काही रंग टिकतच नाहीत. मॅक्सिक्स प्रकारचं गडद निळं बेरिल, किरणोत्सर्गाने पिवळा केलेला नीलम, काही तपकिरी टोपाझ आणि कुंझाइट उजेडात फिके पडतात. शंका असेल तर खड्यातून निघालेल्या एका तुकड्याचा अर्धा भाग अॅल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून दोन-तीन आठवडे उन्हाच्या खिडकीत ठेवा. कागद काढल्यावर मधे रेघ दिसली तर त्या खड्यावर आणखी मेहनत घेऊ नका.

आपण काही उपचार करावा का?

बहुतेक वेळा नको. कुरुंदाची भट्टी हे वेगळंच शास्त्र आहे, घरच्या भट्टीत त्याचा नाद करू नये. घरी करता येण्यासारखं फार थोडं आहे: हिरवट अॅक्वामरीन ४०० ते ४५० अंशांच्या आसपास तापवला की पिवळी छटा जाऊन निळा राहतो, जांभळा क्वार्ट्झ ४५० ते ५०० च्या आसपास पिवळा होतो, क्वचित ठिकाणचा हिरवा होतो, आणि कधीकधी नुसता दुधाळ होऊन बसतो. शेवटची शक्यता कुणी आधी सांगत नाही.

म्हणून अख्खा खडा कधीच भट्टीत घालू नका. आधी भेगाळ आणि डागाळ भाग कापून टाका. द्रवाचे थेंब तापल्यावर फुगतात आणि खडा आतून फोडतात. क्वार्ट्झ, टोपाझ आणि नीलमात काही थेंब तर द्रवरूप कार्बन डायऑक्साइडचे असतात. मग त्याच खड्याचा एक निरुपयोगी तुकडा एकटा तापवून निकाल पाहा. तो आवडला तरच उरलेल्याला ढोबळ घाट द्या, सगळ्या बाजूंनी अर्धा ते एक मिलिमीटर जास्त ठेवा, कोरड्या वाळूत पुरा, आणि तापमान अगदी हळूहळू चढवा. खडा जितका मोठा तितका त्याच्या पोटातला आणि कातडीतला तापमानाचा फरक जास्त, म्हणून मोठ्याला तासांमागून तास लागतात. थंड होताना भट्टीचं दार उघडायचं नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत. अंतिम पैलू सगळ्यात शेवटी.

जे काही कराल ते लिहून ठेवा, आणि खडा पुढे कुणाला दिलात तर ती नोंदही सोबत द्या.

पहिला काप

खड्यावर काप कुठून जाणार ती रेघ न पुसणाऱ्या पेनने काढा आणि एक रात्र जाऊ द्या. सकाळी रेघ चुकीची वाटली तर अॅसिटोनने पुसता येते. पातळ हिऱ्याचं पातं, भरपूर पाणी, हलका हात. कोरडं कापणं आणि घासणं कधीच नाही, क्वार्ट्झची बारीक धूळ फुप्फुसांत कायमची बसते. काप शेवटाकडे आला की दाब आणखी कमी करा, कारण शेवटचे दोन मिलिमीटर कापले जाण्याऐवजी मोडतात आणि चांगल्या तुकड्यातला लचका घेऊन जातात.

दोन तुकडे झाले की ते धुवा, वाळवा, दोन्ही तोला, आणि जुना नकाशा बाजूला ठेवून नव्याने काढा. कापलेला पृष्ठभाग ओला केला की ती एक नवी खिडकी असते, आणि त्यातून एखादी भेग अशी दिसते की कालपर्यंत ती तिथे नव्हतीच असं वाटावं. दुसरी रेघ ती पाहिल्यावरच काढा.